पिन आहे का गं?

लेकीची बॅग भरायला बसले आणि पाचव्या मिनिटाला तिनं मला उठवलं. "आई, तू नुसती बघ." बघण्यासारखं तरी काय होतं! चार जीन्स, सहा कुडते, लॅपटॉप, चार्जरांची वेटोळी आणि चेहऱ्याला लावायच्या नऊ बाटल्या. एवढ्या सामानावर ही मुलगी पुण्याला विद्यापीठात दोन वर्षं काढून एम.ए. होणार होती. बादली? "तिथे मिळते." कपडे वाळत घालायची दोरी? "मिळते." सुईदोरा म्हटल्यावर तिनं असं पाहिलं, की मी जणू चरखाच पुढे केला होता.

ओळखीपाळखीही तिनं घरबसल्या उरकल्या होत्या. प्रवेशाची यादी लागली त्याच रात्री कुणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. दीडशे जण. कुणाकडे तीन मांजरं आहेत, कुणाला कोथिंबिरीचा वास सहन होत नाही, कोण पहाटे तीनला झोपतं, सगळं हिला तोंडपाठ. "मग तिथे जाऊन बोलायला उरलं काय?" मी विचारलं. "ग्रुपवरचं बोलणं म्हणजे बोलणं नसतं गं," ती म्हणाली. मग एक बाटली उगाचच काढून पुन्हा ठेवत, माझ्याकडे न बघता, "तुला पहिल्यांदा गेलीस तेव्हा भीती वाटलेली?"

हे तिनं विचारायला नको होतं. बॅग राहिली तिथेच, आणि तिला तासभर माझं ऐकावं लागलं.

१९९२च्या जुलैत मी कणकवलीहून कोल्हापूरला एम.एस्सी. करायला गेले. विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. पण मुंबई लांब, महाग, आणि कोकण रेल्वेचे तेव्हा नुसते बोगदे खणणं चाललेलं. कोल्हापूर कसं, फोंडा घाट चढला, दाजीपूरचं जंगल संपलं, राधानगरी मागे पडली, की आलंच. एसटीला चार तास. घाटात धुकं असेल तर मात्र गाडीचं आपलं काही खरं नाही.

आईनं वहीच्या पानावर यादी केली होती. ४३ वस्तू. निळी प्लास्टिकची बादली, तांब्या, दोरी, दोन डझन चिमटे, कुलपं दोन (एक हरवलं तर), मेणबत्त्यांचे दोन पुडे, काडेपेट्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, अमृतांजन, सुंठ, इसबगोल, खोबरेल, कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाची पिठी, मेतकूट, आंब्याचं लोणचं, शिवाय "असूंदे" या सदराखाली एक छोटी विळी. आईचं तत्त्व एकच होतं: "परक्या गावात कोणाच्या दारात काय मागूची पाळी येता नये." ट्रंक उचलताना बाबांनी आणि कंडक्टरनं एकमेकांकडे जे पाहिलं, ते दोन समदुःखी माणसांचं पाहणं होतं.

आज वाटतं, एखाद्याला मित्र मिळूच नयेत अशी पक्की तजवीज करायची असेल, तर त्याला अशीच ट्रंक भरून द्यावी.

शिवाजी विद्यापीठ शहराबाहेर माळावर वसवलेलं. १९६२च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक होते. जागा साडेआठशे एकरांची. माळ मुळात उघडाबोडका होता आणि झाडं पुढे लावून वाढवली, असं आम्हाला पहिल्याच तासाला अभिमानानं सांगितलं गेलं. मी कोकणातली, आमच्याकडे झाड लावत नाहीत, वाटेत आलं तर तोडतात. त्यामुळे मला त्या अभिमानाची किंमत लगेच कळली नाही. मला एवढंच कळलं, की साडेआठशे एकरांत एकटं वाटायला जागा भरपूर असते.

माझी रूममेट कराडची. तिच्या कॉलेजातल्या सहा जणी एकदमच आलेल्या, त्यामुळे ती खोलीत झोपण्यापुरती यायची आणि शुक्रवारी दुपारी तीही यायची नाही. माझ्याशी फार नीट वागायची. नीट वागणारी माणसं एकटेपणात जास्तच बोचतात. वसतिगृहात नावं उशिरा कळत, गावं आधी: कराडवाली, जतवाली, गडहिंग्लजवाली, तासगावची लांब केसांची. मी एकटीच घाटाखालची, तर माझं गावही कुणी विचारलं नाही; मी सरळ "कोकणी" झाले.

पहिले पंधरा दिवस मी काय केलं म्हणाल, तर नोटीस बोर्ड वाचला. मेसच्या दाराशीच तो होता. आत जावं तर कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न, आणि नुसतं उभं राहावं तर बावळट दिसायचं; पण नोटीस वाचणाऱ्या माणसाला काम असतं. गरम पाणी सकाळी किती ते किती, खाडा धरायचा तर किती दिवस आधी सांगायचं, एक जांभळी छत्री सापडली आहे ती ओळख पटवून न्यावी. त्या जांभळ्या छत्रीचा मजकूर मला आजही म्हणून दाखवता येईल. मेसमध्ये मी एकतर अगदी उघडल्या उघडल्या जायची, नाहीतर मावशी टेबल पुसायला लागल्या की. मधल्या गर्दीच्या वेळी सगळं जग घोळक्यानं जेवत असे आणि प्रत्येकीला प्रत्येक जण पहिलीपासून ओळखत असे, अशी माझी खात्री होती.

त्यात भाषा. मराठीच ती, पण मला दर वाक्यागणिक ठेच लागायची. कोल्हापुरात वाक्याच्या शेवटी "की" असतो. "ये की." "बस की." "घे की." आमच्याकडे "की" आला म्हणजे पुढे काहीतरी यायचं असतं. एका खोलीसमोरून जाताना आतून कुणीतरी म्हणालं, "ये की," आणि मी दारात उभी राहून उरलेलं वाक्य येण्याची वाट पाहत राहिले. ये, की येऊ नको? ये, की नंतर ये? वाक्य तेवढंच आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्या मुलीनं मला शिष्ट ठरवलं होतं.

मेसमध्ये एकदा मागची मुलगी विचारत होती, "मावशी, आज कालवण काय हाय?" माझ्या कानावर "कालवं" आलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खडकावरून खरवडून काढलेली, कांदा-खोबऱ्यात परतलेली कालवं, आणि तीही घाटावर! ताटात पडलं ते मसुराचं. तिखटाला हे लोक चटणी म्हणतात हे कळायला तर माझी जीभ खर्ची पडली. "चटणी देऊ का वाईच?" असं मावशींनी मायेनं विचारलं, मी खोबऱ्याच्या चटणीच्या आशेनं "द्या, भरपूर द्या" म्हटलं, आणि त्यांनी कांदा-लसणीच्या मसाल्याचा लालभडक डाव ताटात उपडा केला. मागितलंय म्हटल्यावर टाकायचं कसं? खाल्लं. कान वाजेपर्यंत खाल्लं. त्या दिवसापासून मावशींना माझ्याविषयी आदर वाटू लागला. पण आदरानं कुणी शेजारी येऊन बसत नाही.

आणि मुली "मी येतो", "मी जातो" म्हणायच्या. भिंतीपलीकडून "थांब, मी आंघोळ करून येतो" असं ऐकून पहिल्या रात्री मी कडी लावल्याची दोनदा खात्री करून घेतली होती.

बाबांचं आंतरदेशीय पत्र आलं. आमची थोडी कलमं होती, आणि जुलै म्हणजे कोयकलमांचा मोसम. रुजलेल्या कोयीचा कोवळा, तांबूस पानांचा कोंब वरून कापायचा, त्यात हापूसची काडी पाचर करून बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. बाबांनी दोन बाजू भरून एवढंच लिहिलं होतं: यंदा किती बांधली, त्यातल्या किती काड्या काळ्या पडल्या, शेजाऱ्याचा नवशिका गडी रोज पट्टी सोडून आत धरलंय की नाही बघतो आणि त्यामुळे त्याचं एकही धरत नाही. मैत्रिणी मिळाल्या का, करमतं का, यातलं अक्षर नव्हतं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि बाबांना माझी काही पडलेली नाही असा निष्कर्ष काढला.

मी पुढे अठ्ठावीस वर्षं रत्नागिरीत कॉलेजात शिकवलं. दर वर्षी नव्या मुलांच्या स्वागताला मला दोन शब्द बोलायला उभं करत. पुढाकार घ्या, मोकळेपणानं बोला, स्वतःहून ओळख करून घ्या, असं मीही आधीच्या वक्त्यांचं ऐकून ऐकून म्हणत आले. म्हणताना शेवटच्या बाकावर नजर जायची. ज्याला स्वतःहून ओळख करून घेता येते तो पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याशी बोलत असतो, त्याला भाषणाची गरज नसते. शेवटच्या बाकावरचा मान हलवतो, आणि सभा संपल्यावर नोटीस बोर्ड वाचायला जातो.

माझं जे काही झालं ते नाडीमुळे.

सोळाव्या दिवशी सकाळी साडेनऊला, दहाचं प्रॅक्टिकल असताना, सलवारची नाडी धुण्यात निघून आली. दुसरी सलवार ओली. जुलैत कोल्हापुरात कपडे वाळतात ही अफवा आहे. मी दात घासायच्या ब्रशच्या दांड्याला नाडी बांधून ओवायचा प्रयत्न केला, दांडा जाड. मग केसांचा आकडा घेतला; तो निम्म्यात जाऊन आत उघडला आणि रुतून बसला. ट्रंक उघडली. इसबगोल होतं. विळी होती. दोन कुलपं होती. ४३ वस्तूंमध्ये सेफ्टी पिन नव्हती. आईच्या ब्लाउजला, मंगळसूत्राला, बांगडीला कायम तीन-चार पिना लटकत असायच्या. ज्या वस्तू अंगावरच असतात त्या यादीत कोण लिहितो?

दहाला दहा कमी. मी टॉवेल गुंडाळला, सलवार हातात घेतली आणि समोरचं दार वाजवलं. मनात मोठं वाक्य तयार केलं होतं: माफ करा, आपल्याला त्रास देते, आपल्याकडे एखादी जादा सेफ्टी पिन असल्यास... दार उघडलं. "पिन आहे का गं?" एवढंच तोंडातून आलं.

गडहिंग्लजवालीनं माझ्याकडे, टॉवेलकडे, मग सलवारीतून डोकावणाऱ्या आकड्याकडे पाहिलं. "आण हिकडं," ती म्हणाली, "मी घालतो." तिनं खांद्यावरच्या ओढणीची पिन काढली, अर्ध्या मिनिटात आकडा बाहेर आणला, नाडी ओवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. "गाठ मारत जा की. कोकणात नाड्या न्हाईत काय?" त्या "की"नंतर मी कशाची वाट पाहिली नाही.

संध्याकाळी मी ती पिन परत द्यायला गेले. आमच्या घरची शिस्तच तशी: उसनी वस्तू सूर्य मावळायच्या आत परत. मी पिन पुसून कागदाच्या पुडीत घातली होती. गडहिंग्लजवालीनं पुडी उघडली आणि बराच वेळ त्या पिनेकडे बघत राहिली. खोलीत जतवालीही होती. दोघी एकमेकींशी काहीतरी कानडीत बोलल्या आणि हसून गडाबडा लोळल्या. "पिन परत द्यायला आलीस? आता उद्या नाडीचं भाडंबी दे."

मला राग यायला हवा होता. पण हसू आलं; तसं ते येऊन सोळा दिवस झाले होते. "बस की," जतवाली म्हणाली. मी बसले ती जेवणाची घंटा होईपर्यंत. उठताना माझी ओढणी सरकत होती म्हणून गडहिंग्लजवालीनं तीच पिन माझ्या खांद्याला टोचून दिली. ती मी परत केली नाही. आमचा हिशेब त्या दिवशी जो उघडा राहिला, तो अजून मिटलेला नाही.

हळूहळू समजलं, की हे उधारीचं प्रकरण मी समजत होते त्याच्या अगदी उलट चालतं. घेतलेलं चोख परत केलं की दार बंद. थोडं इकडचं तिकडे राहिलं तर पुन्हा जायला निमित्त. आमच्या आईलाही हे ठाऊक होतं की! शेजारणीची साखरेची वाटी ती कधी रिकामी पाठवायची नाही. चार आमसुलं, मूठभर काजू काहीतरी घालूनच. मग शेजारीण दोन दिवसांनी त्या काजूंची फेड करायची. कोण कुणाचं देणं लागतं हे दोघींनाही वीस वर्षांत सांगता आलं नसतं. यादी करताना मात्र आई हे विसरली. लेक परगावी निघाली की आया घाबरतात आणि घाबरलेलं माणूस कुलपं दोन देतं.

जतवालीशी मात्र आधी भांडण झालं. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचा दुष्काळी कोपरा. वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पडला. आमच्याकडे तीन हजारांच्या पुढे. मी नळ सोडून दात घासायची. तिनं मागून येऊन नळ बंद केला. मी पुन्हा सोडला. तिनं पुन्हा बंद केला आणि म्हणाली, "आमच्याकडं एवढ्या पाण्यावर पोरीचं लगीन ठरतंय." नंतर कळलं, की त्या मुलीनं सलग चार दिवस पडलेला पाऊस आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापुरात पाहिला होता. आम्ही वैतागून ओले कपडे पंख्याखाली फिरवत असू आणि ही व्हरांड्यात उभी. पागोळीखाली तिनं माझी निळी बादली लावून ठेवली होती. भरली की आत आणून ओतायची, पुन्हा लावायची. "नळाला पाणी आहे की गं," मी म्हटलं. "असू दे. पडतंय ते वाया जातंय," ती म्हणाली. सवयीचा भाग म्हणून आम्ही हसलो. पण मी त्यानंतर नळ सोडून दात घासल्याचं मला आठवत नाही.

बादली तिच्याकडेच राहिली. आजही जतला आहे. तळाला भोक पडल्यावर तिनं त्यात अबोली लावली.

खूप पुढे, दुसऱ्या वर्षी केव्हातरी, आम्ही पहिल्या पंधरवड्याच्या गोष्टी काढल्या. तिघींनाही वाटत होतं, की आपण सोडून बाकी सगळ्या रुळल्यात. गडहिंग्लजवाली रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. जतवालीही रडायची, पण नळ न सोडता. आणि मला शिष्ट समजणारी ती "ये की"वाली म्हणाली, "तू रोज बोर्ड वाचायचीस ना, मला वाटायचं किती हुशार असंल ही, सारखी वाचतीया."

आईच्या ट्रंकेचीही पाळी आली. श्रावणातली एक रात्र. माशांवाचून माझा जीव कासावीस झाला होता. म्हटलं निदान कुळथाची पिठी तरी खाऊ. खोलीत शिजवायला सक्त मनाई. गडहिंग्लजवालीकडे कॉटखाली विटेवर बसवलेली शेगडीची कॉइल होती, तिला आम्ही "आजी" म्हणायचो, म्हणजे रेक्टर मॅडमसमोर "आजीला बरं नाही" असं बोलता यायचं. आजीवर पातेलं चढवलं, पिठी रटरटली, आमसूल टाकलं, आणि सबंध मजल्याचा फ्यूज गेला.

काळोख. बाहेर धो धो पाऊस. बारा खोल्यांची दारं उघडली. "कुणाकडं मेणबत्ती हाय का?" कुणाकडे नव्हती. माझ्याकडे दोन पुडे होते, आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडीठाक. दहा मिनिटांत मी जेवढ्यांशी बोलले तेवढ्यांशी आधीच्या महिन्यात बोलले नव्हते. मेणबत्तीच्या मागोमाग वास पोचला. "हे काय शिजलंय?" मग मेसच्या भाकऱ्या बाहेर आल्या, तासगावच्या लांब केसांच्या मुलीनं घरचा खर्डा आणला, कराडवाली तिच्या सहा जणींसह आली आणि पहिल्यांदाच आमच्या खोलीत जागी राहिली. व्हरांड्यात पाय दुमडून पातेल्याभोवती पंधरा जणी. पिठी प्रत्येकीला दोन घास आली असेल. त्यांच्या मते ती पिठलं व्हायची राहून गेली होती. तरी पातेलं पुसून खाल्लं.

त्याच सुमारास बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात मी, अभ्यासाचं सोडून, कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचत होते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी का म्हणतात ते तेव्हा कळलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. एकत्र ठेवायची सोय नव्हती, समाजच तसा; निदान शहरात राहून शिकू तर देत. विद्यार्थी भाऊराव जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून आत यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. याच माणसानं पुढे १९२४ साली साताऱ्याला असं बोर्डिंग काढलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधायची आणि एका पंगतीला जेवायची.

मी हे मोठ्या गांभीर्यानं दोघींना सांगितलं. गडहिंग्लजवाली काही बोलली नाही. आमच्या पातेल्याभोवती कोण कोण बसलं होतं ते ती मनात मोजत असावी, कारण मीही तेच केलं होतं. जतवाली थोडा विचार करून म्हणाली, "बरं केलं आंघोळ न्हाई केली ते. पाणीबी वाचलं."

त्या दोघी चिडल्या, की कानडीत जायच्या. सुरुवातीला मला वाटायचं माझ्याबद्दलच चाललंय, आणि ते बहुधा खरंही होतं. मी फक्त "ऊटा आयता?" एवढं शिकले, म्हणजे जेवण झालं का. तेवढं पुरत होतं. बाकी सगळं भांडण त्याच प्रश्नावर येऊन संपायचं. रविवारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे संध्याकाळी आम्ही शहरात उतरायचो. खासबागेत भेळ, नाहीतर गंगावेशीला दूधकट्टा. तिथे म्हैस समोर उभी, धार समोर काढतात आणि फेसाचा पेला थेट हातात देतात. मी पहिल्यांदा दूध तापवलेलं नाही म्हणून कुरकुरले, तर गवळी म्हणाला, "ताई, गरमच हाय की." पैसे देण्यावरून तिघींची झोंबाझोंबी. एकदा मी गुपचूप तिघींचे देऊन टाकले तर गडहिंग्लजवाली दोन दिवस बोलली नाही. कोल्हापूरच्या माणसाचे पैसे परस्पर देणं हा अपमान आहे, हे मला कुठल्या नोटीस बोर्डावर वाचायला मिळालं नव्हतं.

चतुर्थीला घरी गेले. फोंडा घाट उतरताना वाटलं होतं, पोचल्या पोचल्या आईच्या गळ्यात पडून रडू. प्रत्यक्षात पडवीत चप्पल काढली, आई पाणी घेऊन बाहेर आली, आणि मी म्हटलं, "बस की."

आई तांब्या घेऊन उभीच. वाट बघत.

"की काय गो?"

"काही नाही. मी जरा पाय धुऊन येतो."

बाबा आरामखुर्चीतून उठून बसले. "ह्या काय शिकान इलंस?" म्हणाले. मग मला मागच्या अंगणात घेऊन गेले. सावलीत पिशव्यांची ओळ होती. पट्टीच्या वर तांबूस पानं फुटली होती, बोटभर. बाबांनी त्यांना हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही.

कोल्हापूर सुटलं ते १९९४ला. "की" सुटला नाही. रत्नागिरीच्या घरी सासूबाईंनी पहिलं वर्षभर मला दुरुस्त केलं, मग नाद सोडला. लेक लहानपणी शाळेत एकदा "घ्या की बाई" म्हणाली, तर बाईंनी तिला गाव विचारलं होतं.

एवढं सगळं ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे तू मला आता पिना देणार."

दिल्याच होत्या. ती आंघोळीला गेलेली असताना बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पाकीट सरकवून झालं होतं. रात्री अकराला मात्र मी उठले, हळूच चेन उघडली आणि पाकीट काढून घेतलं. नवऱ्यानं विचारलं, काय चाललंय. म्हटलं, चोरी. तो कूस बदलून झोपला.

सहाव्या दिवशी तिचा फोन. "आई, आज कुडत्याची शिवण उसवली. लेक्चरला पाऊण तास आणि पिन नाही!"

माझा आनंद मी कसाबसा गिळला. "मग? शेजारच्या खोलीत गेलीस?"

"छे! मागवली. नऊ मिनिटांत आली."

मी गप्प. आईनं दिलेलं नाही, शेजारणीनं दिलेलं नाही. हेल्मेट घातलेला एक मुलगा गेटवर देऊन गेला. माझा सगळा कट त्यानं दुचाकीवरून न उतरता उधळून लावला होता.

"पण गंमत ऐक ना," ती म्हणाली. "पाकीट वीस रुपयांचं आणि पोचवायचे तीस. एवढ्याशा पिनेसाठी पन्नास रुपये? मग मी सहा पाकिटं घेतली, तेव्हा कुठे पोचवणं फुकट पडलं. आता आख्ख्या मजल्याला कळलंय माझ्याकडे पिना आहेत. सकाळपासून चौघी येऊन गेल्या. एक नांदेडची आहे, ती तर बसलीच तासभर. एक सिक्कीमची, तिला मराठी येत नाही, ती नुसतं असं चिमटीत धरून दाखवते. आणि कुणी परत देत नाही हं!"

"तू मागू नकोस."

"पिन कोण परत मागतं, आई? थांब हं, दार वाजलं."

तिनं फोन बंद केला नाही, नुसता ठेवला. बहुधा कॉटवर. चादरीची सळसळ, कडीचा आवाज, मग एक अनोळखी, चाचरता स्वर, शब्द काही कळले नाहीत. आणि मग लेकीचा, खणखणीत:

"ये की!"